टोप हलला की बेस पुरे

कैल्या, आंबिवली स्टेशनबाहेरच्या रिक्षा स्टँडवर तुझ्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागलाय. कुणाच्या तरी लग्नातला गॉगलवाला फोटो आहे, तुझ्या खांद्यावर दुसऱ्या कुणाचा तरी अर्धा कापलेला हात आहे, आणि खाली जाड अक्षरांत लिहिलंय, ‘डीजे कैलास’. जन्मभर तू ज्याला त्याला सांगत फिरलास की मी डीजे नाही, डीजे दुसऱ्यांची गाणी वाजवतो, मी स्वतः बनवतो. शेवटी तुला बोलता येईना तेव्हा डाव साधला त्यांनी.

तुझ्या दादाचा बिचाऱ्याचा दोष नाही. फ्लेक्स छापायच्या आधी त्याने मला फोन केला होता. “मृणाल, याच्या नावापुढे काय लिहू गं? प्रोड्युसर लिहिलं तर लोक विचारतील कुठला पिक्चर काढलेला.” मी म्हटलं, संगीतकार लिही. तो म्हणाला, “संगीतकार म्हटलं की पेटी लागते ना.” मी तेव्हा सकाळपासून रडत होते, आणि त्या वाक्याला मला हसू फुटलं. मग आम्ही दोघंही फोनवर हसलो. तू असतास तर हे वाक्य उचलून कुठल्यातरी ट्रॅकमध्ये टाकलं असतंस.

साध्या तापाचं निमित्त झालं. त्याबद्दल मी काही लिहिणार नाही, त्यातलं सगळं सगळ्यांना पाठ झालंय. मला त्या शेवटच्या फोनबद्दल बोलायचंय. तू म्हणालास, “ताप उतरला की ये, ट्रॅकचा तो मधला भाग एकदाचा ठरवून टाकू.” मी म्हटलं, “ठरलेलाच आहे, किक राहणार.” तू म्हणालास, “बघू.” आपलं शेवटचं बोलणं हे असं, भांडणाच्या मधोमध सोडलेलं. लोकांना शेवटचे शब्द काय काय मिळतात, मला ‘बघू’ मिळालं.

हे वाचणाऱ्यांतल्या पुष्कळांना डबस्टेप म्हणजे काय ते ठाऊक नसेल. त्यांना मी सांगते, तू मधे बोलू नकोस. हाउस म्हणजे प्रत्येक ठोक्याला ढोलाचा एक धक्का, म्हणजे किक. धप, धप, धप, धप. पायांना विचार करावा लागत नाही. टेक्नो हा त्याचाच जरा कडक भाऊ, कारखान्यासारखा, न थकणारा. आणि डबस्टेपमध्ये वेग बराच असतो, पण निम्मे ठोके नुसते सोडून दिलेले असतात, म्हणून ऐकताना ठेका संथ वाटतो. एक धक्का, मग मोकळी जागा, मग पुढचा धक्का, आणि खालून जमीन हलवणारा बेस. सगळं थांबवून मग तो बेस एकदम कोसळतो, त्याला ड्रॉप म्हणतात. मी हाउस-टेक्नोवाली, तू डबस्टेपवाला. मला ती मोकळी जागा म्हणजे अर्धवट टाकलेलं काम वाटायचं आणि तुला माझी किक म्हणजे शेजारच्याने भिंतीत ठोकलेला खिळा.

आपली ओळखही त्यावरूनच झाली. कल्याणला साउंड भाड्याने देणारं ते गोडाउन, तू तिथे कामाला होतास. मी आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीच्या गणपतीसाठी स्पीकर बघायला आले होते. मालक जेवायला गेला होता आणि तू त्याच्या सगळ्यात मोठ्या स्पीकरवर स्वतःचं काहीतरी लावून बसला होतास. वरची ट्यूबलाइट थरथरत होती. मी दिवसभर मुलांना गणित शिकवणारी बाई. घरी दार लावून, कानाला हेडफोन लावून मी हाउस बनवते हे आमच्या इमारतीत कुणाला माहीत नव्हतं. पण तिथे मला राहवेना. मी विचारलं, “किक कुठे आहे?”

“येईल.”

“कधी?”

“बघ ना जरा वाट. गाडी सुटतेय का तुझी?”

मी वाट बघितली. ती आली आणि माझ्या चपलेखालची फरशी हलली. स्पीकर ठरवायचे राहूनच गेले, त्या वर्षी आरतीला माइक शेजारच्या सोसायटीतून उसना आणावा लागला. पण त्या दिवसापासून तू मला ‘डोंबिवली’ म्हणायला लागलास. माझं नाव तुला येत होतं की नाही, याची मला आजही खात्री नाही.

मग मी तुझ्या घरी यायला लागले. गावठाणातलं तुमचं घर, मागे रेल्वेची लाइन, पुढच्या खोलीत दादाचा संसार, आणि मागची खोली तुझी. तुझ्या खोलीची एक भिंत स्वयंपाकघराला लागून. त्या भिंतीच्या पलीकडच्या अंगाला तुझ्या आईची भांड्यांची मांडणी. खाली ताटं उभी, मधे डबे, पेले ओळीने, आणि सगळ्यात वर तो भला मोठा जर्मनचा टोप, हळदीच्या जेवणाचं मटण ज्यात शिजायचं तो. तुझ्याकडे बेस मोजायची महागडी साधनं नव्हती, मांडणी होती. सबवूफर, म्हणजे नुसत्या बेसचा स्पीकर, तू मुद्दाम त्या भिंतीला टेकवून ठेवला होतास. ट्रॅक लावायचास आणि मला स्वयंपाकघरात पिटाळायचास. मी तिथून ओरडायचे, “ताटं!” तू काहीतरी फिरवायचास. “आता पेले!” तू परत फिरवायचास. “टोप! नुसता टोप!” मग तुझा आवाज यायचा, “बस, बस. आता कशालाच हात लावायचा नाय.” तुझा नियमच होता, टोप हलला की बेस पुरे, पेले वाजायला लागले की आवाजाचा चिखल झाला.

मी गणिताची बाई असून या पद्धतीला आधी खूप हसले. आता सांगते, माझे सगळे ट्रॅक मी तुझ्या मांडणीवर तपासून घ्यायचे. डोंबिवलीला घरी ऐकताना जे बरोबर वाटायचं, ते आंबिवलीला पेले वाजवायचं. मग मी मुकाट्याने कमी करायचे.

आणि आई. मला ती पहिल्या दिवसापासून ‘बाय’ म्हणायची आणि जेवल्याशिवाय सोडायची नाही. आपण काय करतो हे तिला कधी कळलं नाही, तिने कधी विचारलंही नाही. टोप हलायला लागला की चुलीपाशी बसल्या जागेवरून तिची एकच हाक यायची, “हलू लाव रं, टोप परंल!” आणि तू दर वेळी तितक्याच मोठ्याने म्हणायचास, “हो गो आये,” आणि आवाज होता तिथेच ठेवायचास. आईला ते माहीत होतं. टोप काही कधी पडला नाही.

खरं म्हणजे आपण एकमेकांना बिघडवलं. मी वेग खाली ओढायचे, तू वर. तुझ्या बेसखाली मी माझी सरळ किक घुसवली, तू माझ्या हाउसमधले ठोके चोरून नेलेस. माझ्या बाबांच्या टेबलफॅनची गोष्ट आठवते? तू आमच्याकडे पहिल्यांदा आलास, बाबांनी तुला अगदी शुद्ध भाषेत, “आपण काय करता?” असं विचारलं, आणि तू उत्तर द्यायच्या ऐवजी पंख्याकडे बघत बसलास. मला वाटलं, झालं, आता हे प्रकरण इथेच संपलं. तू म्हणालास, “काका, हा पंखा सुरात घुमतोय.” आणि फोन काढून त्याचा आवाज भरून घेतलास. जाळीचा तो खडखडाट आपल्या तिसऱ्या का चौथ्या ट्रॅकमध्ये झांजेच्या जागी आहे. बाबांना हे संगीत आजही कळत नाही. पण तू गेल्याचं कळलं तेव्हा ते उठून पंख्यापाशी गेले आणि तो सुरू करून बसून राहिले. गेल्या आठवड्यात पंखे साफ करायला माणूस आला, तर त्याला म्हणाले, “याच्या जाळीला हात लावू नका. तो आवाज राहू दे.”

तुझ्या चुलतभावाची हळद मी कुणालाही सांगायला लागले की अजून मला मधेच थांबून हसावं लागतं. मंडपात माणसांचा समुद्र, सगळ्यांना नेहमीची कोळीगीतं हवी होती, आणि तू मधेच हळूच आपला ट्रॅक सोडलास. म्हातारी माणसं मजेत डुलत होती, तुझा तो संथ ठेका त्यांच्या अंगातलाच होता. मग तुझी ती लाडकी मोकळी जागा आली. सगळं एकदम गप्प. तुझे मामा हात वर केलेल्या अवस्थेत थांबले आणि ओरडले, “लाईट गेली काय रं?” जनरेटरवाल्याला वाटलं आपलं मशीन बसलं. त्याने घाईघाईत जाऊन खटका दाबला आणि चालू जनरेटर बंद केला. मग खरोखरच लाईट गेली. त्या अंधारात बाया ओरडतायत, कुणाच्या तरी ताटातलं मटण सांडलंय, आणि तू माझ्या कानाशी म्हणालास, “डोंबिवली, याच्यापेक्षा भारी ड्रॉप आपल्याच्याने होणार नाही.”

ठाण्याचा तो हॉल मात्र हसण्यासारखा नव्हता. पहिल्यांदा आपल्याला बोलावलं होतं, आपलं म्हणून ऐकायला. माझ्या भागात लोक नाचले. तुझा भाग सुरू झाला आणि मोकळ्या जागा आल्या तसे लोक पाणी प्यायला निघाले. माझ्या हाताखाली बटण होतं आणि मला बघवेना. मी तुझ्या ट्रॅकखाली माझी किक चालू केली. लोक परत आले, नाचले, टाळ्या वाजल्या. बाहेर आल्यावर तलावपाळीच्या कट्ट्यावर बसलो तेव्हा म्हणालास, “तू सगळ्यांना बोट धरून चालवतेस. एखादा थांबला तर थांबू दे ना. त्याला जरा कळू दे, आपण कुठे उभे आहोत.” मी म्हटलं, “ते थांबले नव्हते, निघाले होते.” त्यावर तू म्हणालास, “सगळे नाय निघालेले. दोघं उभे होते. डोळे मिटून. मी त्यांच्याकडे बघत होतो.” मी त्या दोघांना पाहिलंच नव्हतं. पुढे मी भांडत राहिले, पण त्या दिवसापासून प्रत्येक ठिकाणी मी आधी ते दोघं शोधते. असतात, कैल्या. कुठेही गेलं तरी असतात.

हे मी तुला कधी सांगितलं नाही. खूपच गोष्टी सांगितल्या नाहीत. तुझ्यामुळे मी दार उघडं ठेवून वाजवायला लागले हे सांगितलं नाही. आमच्या इमारतीतल्या बायकांनी विचारलं तर आता मी सरळ सांगते, मी ट्रॅक बनवते. वर्गात एखाद्या मुलाला गणित येत नसेल तर पूर्वी मीच पुढची पायरी सांगून टाकायचे. आता फळ्यासमोर गप्प उभी राहते, आणि बऱ्याचदा ते पोर आपलं आपण पुढे जातं. वाट बघणं हे मला माझ्या शिक्षणाने नाही शिकवलं, तुझ्या त्या एका ‘येईल’ने शिकवलं. याचे आभार कसे मानायचे? तू असताना मानले असते तर म्हणाला असतास, “डोंबिवली, बरी आहेस ना?”

आता त्या ट्रॅकचं सांगते. ठाण्याच्या त्याच हॉलवाल्यांनी मला परत बोलावलंय. त्यांना आपला तो शेवटचा ट्रॅक हवाय, जो आहे तुझ्या कॉम्प्युटरवर, आणि पुरा झालेला नाही. सगळं तयार आहे, मधला भाग सोडून. तिथे तुझी मोकळी जागा ठेवायची की माझी किक चालू ठेवायची, हे तुझ्या ‘बघू’वर अडलेलं. मला तो चुकीचा पुरा करायचा नव्हता. मी तुझ्या नावावर माझी किक लादली तर ठाण्यातलाच प्रकार परत, आणि आता तू कट्ट्यावर बसून बोलायलाही नाहीस. आणि तू गेलास म्हणून डोळ्यांत पाणी आणून तुझंच खरं करायचं, तर तेही तुला आवडलं नसतं. तुला हरलेली माणसं आवडत नव्हती, भांडणारी आवडायची.

दादा म्हणाला, “कॉम्प्युटर घेऊन जा तू. आईला ती खोली बघवत नाय.” मी म्हटलं, नेईन, पण एकदा इथे ऐकू दे. मांडणीशिवाय मला ठरवता येणार नव्हतं. दिवसकार्य सगळं उरकलं होतं. दुपारी आले तेव्हा दादा कामावर गेला होता, वहिनी बाजारात, आणि आई स्वयंपाकघरात बोंबील साफ करत बसली होती. “ये गो बाय,” एवढंच म्हणाली. मी तिला विचारलं, “आई, थोडा वेळ लावू का?” तिने मान हलवली. हो की नाही ते मला नीट कळलं नाही, मी हो धरलं.

तुझी खुर्ची मी बाजूला केली आणि उभ्यानेच ट्रॅक लावला. बेस सुरू झाला आणि मी कान भिंतीला लावून टोपाची वाट बघत राहिले. काहीच नाही. आवाज वाढवला. भिंत हाताला थरथरताना कळत होती, पण पलीकडून टोप नाही, ताटं नाहीत, एक पेलासुद्धा नाही. मला वाटलं सबवूफर गेला. तारा तपासल्या. मग वाटलं, मी गेले महिनाभर नीट ऐकतच नव्हते, माझेच कान गेले. आणखी वाढवला. खिडकीची काच वाजायला लागली आणि मांडणी गप्पच. मी सगळं बंद केलं आणि स्वयंपाकघरात गेले.

मांडणीतल्या प्रत्येक फटीत कपडा कोंबलेला होता. ताटांच्या मधे, डब्यांच्या मधे, टोपाच्या खाली. तुझे टीशर्ट होते ते. काळे, सगळे काळेच, तुला दुसरा रंग कुठे चालायचा.

आईने वर बघितलं नाही. बोंबलाचं डोकं काढत म्हणाली, “मागून मालगारी गेली का भांडी वाजतान. मना वाटतं यो बसला कामाला. दोन-तीनदा उठून चाय ठेवली त्याची. मंग कपरं कोंबलं.”

मी तिथे काय घेऊन आले होते, कुणाच्या घरात, काय वाजवत होते, ते मला तेव्हा कळलं. मी म्हटलं, “आई, मी नेते सगळं. घरी हेडफोन लावून करीन. इथे परत नाही लावणार.”

तिने हातातला बोंबील साफ करून ठेवला, विळी आडवी केली, हात धुतले, पदराला पुसले. मग स्टूल ओढलं आणि त्यावर चढली. मी धरायला पुढे झाले तर म्हणाली, “सोर, मी नाय परायची.” आधी टोपाखालचा कपडा काढला. मग डब्यांमधले. मग खाली उतरून ताटांमधले, एकेक, ओढून. सगळे टीशर्ट हातावर घेतले, त्यांच्या घड्या घातल्या आणि मांडीवर ठेवून खाली बसली. माझ्याकडे बघून म्हणाली, “आता लाव.”

मी खोलीत परत आले आणि वाढवलेला आवाज पहिल्या जागी आणला. मधल्या भागात माझी किक होती, ती मी काढली आणि त्या भागाच्या पुढे सरकवली. तुझ्यावर दया म्हणून नाही, हे नीट ऐकून घे. मी ट्रॅक लावला आणि पहिल्याच बेसला टोप हलला. तोच आवाज, तेवढाच. पेले गप्प होते. मग तुझी मोकळी जागा आली. सगळं थांबलं, आणि पलीकडे टोप थरथरत थरथरत शांत होताना मला ऐकू आला, अगदी शेवटपर्यंत. इतकी वर्षं माझ्या किकखाली मी तो कधी ऐकलाच नव्हता. तू ज्यासाठी भांडत होतास ते हे होतं, आणि हे तू मला सांगू शकत नव्हतास, कारण मी थांबतच नव्हते.

मला वाटलं, आई आता विचारेल, संपलं का? तिने विचारलं नाही. ती पलीकडे बसून वाट बघत होती, आणि मी अलीकडे.

म्हणून ठरलं, मधली जागा तुझी. पण वाद मिटला असं समजू नकोस. त्या जागेनंतर मी माझी किक आणलीय, सरळ, हाउसची, प्रत्येक ठोक्याला, आणि खाली तुझा बेस तसाच. तुला पटणार नाही. ठाण्याला त्या दोघांना विचारीन, डोळे उघडले की.

त्या दुपारी, त्या जागेनंतर, ती किक आली. टोप जोरात हलला, ताटं हलली, सगळी मांडणी दणाणली, आणि भिंतीपलीकडून तीच जुनी हाक आली.

“हलू लाव रं, टोप परंल!”

मी तितक्याच मोठ्याने म्हटलं, “हो गो आये,” आणि आवाज होता तिथेच ठेवला.